त्रियुगीनारायणाच्या अंगणात, माघातल्या बर्फात

लग्न दोघांनीच जाऊन करायचे, तेही हिमालयात आणि ऐन थंडीत, असे आम्ही ठरवले खरे. पण त्यात पळून जाण्यासारखे काही नव्हते. पुण्यात विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी झाली होती आणि साक्षीदारांच्या तीन सह्यांपैकी दोन आमच्या दोघांच्या आयांच्या होत्या. राहिला होता तो विधी. कार्यालयातल्या लग्नात अक्षता पडल्या की मंडळी पंगतीकडे वळतात आणि ज्यांच्यामुळे लग्न पुरे होते ते लाजाहोम आणि सप्तपदी हे विधी गुरुजी, छायाचित्रकार आणि वधूवर एवढ्यांतच घाईने उरकले जातात, हे आम्ही भावंडांच्या लग्नांत पाहिले होते. आम्हांला तेच विधी सावकाश, अर्थ विचारत, घड्याळाकडे न पाहता करायचे होते. घरच्या वडीलधाऱ्यांना ती थंडी झेपणारी नव्हती. त्यांनी आशीर्वाद दिले आणि आजीने आपल्या हाताने मंगलाष्टके उतरवलेली वही सोबत दिली.

जागा शोधण्याचा प्रश्नच आला नाही. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, सुमारे १९८० मीटर उंचीवर त्रियुगीनारायण नावाचे गाव आहे. शिवपार्वतीचा विवाह येथे झाला, त्या वेळी पेटवलेला अग्नी तीन युगे विझलेला नाही, अशी तिथली श्रद्धा आहे. केदारनाथ आणि तुंगनाथ यांची दारे हिवाळ्यात बंद असतात. हे देऊळ मात्र बारा महिने उघडे असते. धनुर्मासात लग्ने लागत नाहीत, म्हणून संक्रांत उलटून गेल्यावरचा माघातला मुहूर्त धरला. तिथल्या पुरोहितांनी दूरध्वनीवर पहिली अट घातली ती दोन्ही घरच्यांशी बोलणे करून देण्याची, आणि दोघांच्या वडिलांशी बोलल्यावरच त्यांनी तारीख निश्चित केली. मला ती अट आवडली.

पहिला दिवस : ऋषिकेश ते रुद्रप्रयाग

आदल्या रात्री ऋषिकेशला मुक्काम करून आम्ही उजाडताच निघालो. हे अंतर सुमारे १४० किलोमीटरचे आहे, पण पहाडात किलोमीटरवरून वेळेचा अंदाज करता येत नाही. ऋषिकेश ते कर्णप्रयाग या १२५ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचे काम वाटेत ठिकठिकाणी दिसत राहते. त्याचा मोठा भाग बोगद्यांतून जातो, त्यामुळे डोंगराच्या कुशीत काळी तोंडे आणि त्यांच्यापुढे रांगेने उभे असलेले डंपर असे दृश्य वारंवार येते.

देवप्रयागला थांबलो. भागीरथी आणि अलकनंदा येथे मिळतात आणि येथून पुढे प्रवाहाला गंगा म्हणतात. पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळ असतात, पण माघात वरचे हिम गोठलेले असल्याने पाणी कमी आणि हिरवेगार स्वच्छ असते. दोन प्रवाहांच्या हिरव्यातला फरक घाटाच्या शेवटच्या पायरीवरून स्पष्ट दिसत होता, आणि तो पुसला जाण्यापूर्वी बराच अंतरभर दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहत होते. घाटावर साखळ्या लावलेल्या आहेत. त्या धरूनच पाण्यात हात घातला.

संध्याकाळी रुद्रप्रयागला पोहोचलो. येथे अलकनंदेला केदारनाथाकडून येणारी मंदाकिनी मिळते. पुढचा सगळा प्रवास मंदाकिनीच्या काठाने होता.

दुसरा दिवस : गुप्तकाशी

अगस्त्यमुनी मागे टाकून दुपारच्या आत गुप्तकाशीला आलो. उंची सुमारे १३०० मीटर, ऊन लख्ख, आणि रस्ता इतका रिकामा की यात्रेच्या दिवसांत येथे वाहनांची रांग लागते यावर विश्वास बसू नये. हॉटेलांची शटर खाली, हेलिकॉप्टरच्या तिकिटांचे फलक उन्हाने विटलेले. हिवाळ्यात ही खोरी आपापल्या माणसांकडे परत जातात, आणि आमच्यासारख्या दोघांना तेव्हाच त्यांच्याशी नीट बोलायला मिळते.

कथेप्रमाणे शंकरांनी पार्वतीला मागणी घातली ती गुप्तकाशीत. विश्वनाथाच्या देवळापुढे मणिकर्णिका कुंड आहे. त्यात दोन मुखांतून पाण्याच्या धारा पडतात आणि त्यांना गंगा व यमुना म्हणतात. शेजारीच अर्धनारीश्वराचे देऊळ आहे. उद्या परवा लग्न असलेल्या जोडप्याला त्या मूर्तीसमोर उभे राहताना जे वाटते, ते एरवी दर्शनाला आलेल्याला वाटत नसावे. आम्ही दोघेही तेथे बराच वेळ होतो आणि फारसे बोललो नाही.

संध्याकाळी बाजारात राहिलेले सामान घेतले. नारळ, तूप, लोकरीचे मोजे. गाडी चालवणारे भाईसाब सारखे पश्चिमेच्या आकाशाकडे पाहत होते. हिवाळ्यात या पहाडांना बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात, आणि तसा एक येत असल्याचा अंदाज होता. वर पोहोचायचे तर उद्या सकाळीच निघायला हवे, असे त्यांनी सांगितले.

तिसरा दिवस : सोनप्रयाग आणि वरचे गाव

गुप्तकाशी ते सोनप्रयाग सुमारे तीस किलोमीटर. वाटेत फाटा नावाचे गाव लागते, मग सीतापूर, आणि दरी अरुंद होत जाते. सोनप्रयागला नदीच्या पात्रात खोलीएवढाले गोटे पडलेले आहेत. जून २०१३ च्या प्रलयात मंदाकिनीने या खोऱ्यात काय केले, ते त्या दगडांकडे पाहून कळते. आमच्या भाईसाबांनी तेथे गाडी थांबवली, हात जोडले आणि काही न बोलता पुन्हा गाडी सुरू केली.

तेथून केदारनाथाचा रस्ता गौरीकुंडाकडे जातो आणि आमचा रस्ता वळणावळणाने चढत बांज, म्हणजे ओक, आणि देवदारांच्या रानातून सुमारे बारा किलोमीटर वर जातो. सावलीच्या बाजूला जुने बर्फ होते आणि त्यावर रात्रीच्या गारठ्याने काचेसारखा थर आलेला होता. शेवटच्या काही वळणांवर चाके जागच्या जागी फिरू लागली तेव्हा आम्ही सामान उतरवले. गावातली दोन माणसे खाली आली, पाठीवर दोर टाकून आमच्या बॅगा त्यांनी उचलल्या आणि आम्ही त्यांच्या पावलांच्या खुणांवर पाय ठेवत चालत गावात शिरलो.

आम्ही उतरलो ते घर दगडी, पाटीच्या छपराचे. घरच्या दीदींनी थेट चुलीपुढे बसवले. जेवणात मंडुव्याच्या भाकऱ्या आणि गहतची डाळ होती. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. माझे आजोळ सिंधुदुर्गातले, त्यामुळे समुद्रापासून इतक्या दूर, बर्फात, पानावर नाचणीची भाकरी आणि कुळीथ पाहून मला एकदम घरी आल्यासारखे झाले, आणि मी ते दीदींना सांगितले तेव्हा त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

चार वाजता देवळात गेलो. देवळाची घडण केदारनाथाच्या देवळाची आठवण करून देते, पण आकार लहान. आत नारायणाची चांदीची मूर्ती आहे. समोरच्या मंडपात ती अखंड धुनी. मोठमोठे ओंडके एकमेकांवर टेकवलेले, ज्वाला अगदी थोडी, आणि ओंडक्यांच्या पोटात लालभडक निखारा. भिंती आणि छत काजळीने इतके काळे झाले आहेत की डोळे सरावेपर्यंत निखाऱ्याखेरीज काही दिसत नाही. येणाऱ्याने लाकूड अर्पण करायचे आणि भस्म घेऊन जायचे, अशी रीत आहे. आम्हीही एकेक लाकूड वाहिले. तीन युगांचा हिशेब श्रद्धेचा आहे. पण गावातल्या कोणी ना कोणी रोज, बर्फात, रात्री उठून तो अग्नी राखत आले आहे, हे मात्र डोळ्यांसमोर दिसत होते, आणि माझा माथा टेकला तो त्या राखणाऱ्यांपुढेही.

रात्री पुरोहितांच्या घरी बसून विधींचा क्रम ठरवला. त्यांच्याकडे अग्नीभोवतीच्या फेऱ्यांना महत्त्व, आमच्याकडे अंतरपाट, मंगलाष्टके आणि तांदळाच्या राशींवरची सप्तपदी. पंडितजींनी आजीची वही हातात घेतली, दोन श्लोक मनातल्या मनात वाचले आणि म्हणाले की अक्षरे आपलीच आहेत, हे मीच म्हणेन. आम्ही परतलो तेव्हा दीदींच्या घरी शेजारच्या बायका जमल्या होत्या. सांगलीची हळद मी पुण्याहून आणली होती; ती त्यांनी त्यांच्या हळदीत मिसळली, दूर्वांच्या जुडीने मला आणि त्याला लावली आणि मांगल म्हटले. ही लग्नातली गढवाली गाणी आहेत. संथ लयीत, एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती पुढे न्यायची. मला आमच्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या.

चौथा दिवस : लग्न

पहाटे दार उघडले तेव्हा बर्फ पडत होते. वारा नव्हता. अंगणातली लाकडांची रास, पाण्याचा पिंप, वाळत टाकलेली दोरी, सगळ्यांवर सारखाच थर चढत होता.

नऊवारी नेसायची हे माझे आधीपासून ठरलेले होते. आत लोकरीचे कपडे, पायांत जाड मोजे, हातांत हिरवा चुडा आणि कपाळावर मुंडावळ्या. मुंडावळ्या दीदींनी प्रथमच पाहिल्या आणि त्यांनीच त्या बांधल्या. घरातून देवळापर्यंत जाताना पुढे ढोल आणि दमाऊ वाजवणारे दोघे होते, मागे बायका मांगल म्हणत होत्या, आणि बर्फामुळे ढोलाचा आवाज घुमत नव्हता, जवळच्या जवळ राहत होता. अंगणात देवळासमोर ब्रह्मशिला आहे. विवाह नेमका जेथे लागला ती ही जागा, असे मानतात. तिच्यावरचे बर्फ एका मुलाने हाताने झाडून काढले. तेथील कुंडांचे पाणी आमच्यावर शिंपडण्यात आले. ते इतके गार होते की थेंब लागताच कातडी पोळल्यासारखी झाली.

अंतरपाट म्हणून आईचा शालू नेला होता. एक टोक दीदींच्या यजमानांनी धरले, दुसरे पंडितजींच्या मुलाने. मग पंडितजींनी आजीच्या वहीतली मंगलाष्टके म्हणायला सुरुवात केली. मराठीतला ‘ळ’ त्यांच्या तोंडी कधी नीट येई, कधी नाही. चाल तर त्यांची स्वतःचीच होती. पण दर श्लोकाच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ आले की सगळ्या बायका तो शब्द उचलून धरत आणि अक्षता टाकत. कुंकवाने रंगवलेले ते तांदूळ पांढऱ्या बर्फावर पडत आणि जागच्या जागी रुतून बसत. अंतरपाट दूर झाला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ साचलेले होते.

कन्यादानाच्या वेळी पंडितजी थांबले. शिवपार्वतीच्या लग्नात नारायणाने पार्वतीच्या भावाचे कर्तव्य केले आणि ब्रह्मदेवाने पौरोहित्य, अशी येथली कथा आहे. आमच्या दोघांच्या वडिलांच्या वतीने त्यांनी संकल्प सोडला. पण त्यापुढे म्हणाले की या अंगणात मुलीला भाऊ नाही असे होत नाही, कारण तो आतच उभा आहे. माझा सख्खा भाऊ त्या वेळी पुण्यात होता. लाजाहोमात भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात, आणि या क्षणाची मला मनातून धास्ती होती. पंडितजींनी लाह्यांचे सूप आत नेले, नारायणाच्या पायांना लावून आणले आणि दीदींच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. त्याने ओठ मिटून, फार जबाबदारीने, एकही लाही न सांडता माझी ओंजळ भरली. होमासाठी अग्नी धुनीतून आणला होता. लाह्या पडत तसा जाळ उसळे, बर्फाचे कण त्याच्यावर पोहोचण्याआधीच नाहीसे होत, आणि जे कडेच्या दगडांवर पडत त्यांचा बारीक चर्र आवाज येई. भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो, हे त्या मुलाला आम्ही आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते. त्याने तो सर्व शक्तीनिशी पिळला. सगळे अंगण हसले, आणि त्याला मान म्हणून आणलेली टोपी त्याने लगेच डोक्यावर चढवली.

मग अश्मारोहण झाले. दगडावर पाय ठेवून ‘या दगडासारखी स्थिर हो’ असे वधूला सांगतात. आमच्या विनंतीवरून पंडितजींनी तोच मंत्र त्यालाही पाय ठेवायला लावून म्हटला. आणि शेवटी सप्तपदी. अग्नीच्या उत्तरेला तांदळाच्या सात राशी, प्रत्येकीवर सुपारी. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. प्रत्येक पावलावर पंडितजी थांबत होते, अर्थ हिंदीत सांगत होते आणि आम्हां दोघांकडून होकार घेतल्याशिवाय पुढे जात नव्हते. सातव्या पावलाचा मंत्र ‘सखा’ या शब्दाने सुरू होतो. घर, धनधान्य, मुलेबाळे हे सगळे आधी येते आणि मैत्री सर्वांत शेवटी, म्हणजे तेथे पोहोचण्यासाठीच आधीची सहा पावले, असे पंडितजींनी समजावले. मी अनेक लग्नांना गेले आहे. हे पाऊल असे उमगलेले मला आठवत नाही.

जेवण दीदींच्या घरी झाले. विधीला आलेले सगळे आणि न आलेले बरेच, असे मिळून. तांदूळ-गुळाचे तळलेले अरसे, झंगोरा नावाच्या भरडधान्याची खीर, भात, भड्डू या जाड धातूच्या भांड्यात शिजलेली डाळ. आम्ही दोघेच आलो होतो. पंगतीत मात्र जागा पुरली नाही.

रात्री आठच्या सुमारास आभाळ मोकळे झाले आणि तारे दिसू लागले. लग्नाच्या रात्री ध्रुवदर्शन करायचे असते. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, इमारतींच्या मागे आणि धुळीत तो सापडत नाही. येथे तो तिसाच्या थोडा वर, स्वच्छ दिसत होता. अरुंधतीसाठी अकरा वाजेपर्यंत थांबावे लागले, कारण माघात सप्तर्षी उशिरा वर येतात आणि त्यांच्या शेपटाकडचा वसिष्ठ तर त्याहून उशिरा. वसिष्ठाजवळचा तो बारीक तारा त्याने आधी शोधला आणि बोट धरून मला दाखवला.

पाचवा दिवस : वाट बंद

सकाळी ऊन असे पडले की गॉगल लावल्याशिवाय बाहेर बघवेना. गुडघाभर बर्फ होते. वीज रात्रीच गेली होती आणि खालचा रस्ता बंद होता. जेसीबी सोनप्रयागकडून बर्फ काढत येत असल्याचे कळले. जाण्याची घाई आम्हांलाही नव्हती.

दिवस चुलीपुढे गेला. बायकांनी माझे मंगळसूत्र हातात घेऊन पाहिले, त्याच्या दोन वाट्या कशासाठी ते विचारले, आणि एक माहेरची, एक सासरची हे ऐकल्यावर त्यांनी आपल्या नथींच्या आणि गळ्यातल्या गुलोबंदांच्या गोष्टी सांगितल्या. पंडितजी आले तेव्हा बोलणे लग्नांवर गेले. अलीकडे येथे लग्नासाठी येणारे फार वाढले आहेत. गावाला त्यातून काम मिळते हे त्यांना हवेच आहे. पण शंभर-दीडशे माणसे, मोठे ध्वनिक्षेपक आणि फुलांचे ट्रक घेऊन येणाऱ्या वऱ्हाडांना या गावाचे पाणी आणि लाकूड पुरत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मला त्यांचे पटते. हे देऊळ लहान आहे, अंगण लहान आहे, आणि येथे लहानच लग्न शोभते.

दुपारी गावाच्या वरच्या बाजूला थोडे चालून आलो. पायवाट दिसत नव्हती. पुढे गुरांसाठी बांजाचा पाला आणायला गेलेल्या दोघींच्या पावलांमागून गेलो. परतताना देवळात जाऊन धुनीचे भस्म घेतले. पंडितजींनी ते भोजपत्रात नव्हे, साध्या वहीच्या कागदात बांधून दिले आणि चार पुड्या केल्या, दोन्ही घरांसाठी दोन-दोन.

सहावा दिवस : ऊखीमठ

रस्ता सकाळी खुला झाला. निघताना दीदींनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि अरशांचा डबा. सोनप्रयाग, गुप्तकाशी मागे टाकून मंदाकिनी ओलांडली आणि समोरच्या डोंगरावर ऊखीमठला आलो. दिवाळीतल्या भाऊबीजेला केदारनाथाची दारे मिटली की देवाची उत्सवमूर्ती पालखीतून येथे ओंकारेश्वराच्या देवळात येते आणि सहा महिने पूजा येथेच होते. पुढच्या वर्षी दार कधी उघडायचे, ती तारीखही महाशिवरात्रीला येथेच जाहीर करतात. बाणासुराची मुलगी उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांचे लग्न येथे झाले, असे सांगतात आणि त्यांचा मंडपही दाखवतात. उषेने अनिरुद्धाला स्वप्नात पाहिले आणि चित्रलेखेने तो तिला आणून दिला, ही कथा तेथल्या पुजाऱ्यांनी आम्हांला सगळी सांगितली, कारण त्या दुपारी देवळात आमच्याखेरीज कोणी नव्हते.

असे लग्न करावेसे वाटणाऱ्यांनी पुरोहितांशी महिना-दोन महिने आधी बोलावे आणि दोन्ही घरच्यांना त्या बोलण्यात घ्यावे. माघात बर्फ पडले की एखादा दिवस वर अडकणे ठरलेलेच, म्हणून परतीचे तिकीट लगेचचे काढू नये. राहणे, जेवण, वाजंत्री हे सगळे गावातूनच घ्यावे आणि पैसे गावातच ठेवावेत. आपल्या पद्धतीचे विधी करायचे असतील तर मंगलाष्टके मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून न्यावीत. आणि साळीच्या लाह्या, सुपाऱ्या, मुंडावळ्या घरूनच न्याव्यात. लाह्या दोन पिशव्यांत, कारण एक पिशवी आमच्या प्रवासात दमट झाली होती आणि दुसरीनेच लाजाहोम पार पडला.